बाकांच्या हिशोबाने

आईचा उजवा गुडघा डिसेंबरात बदलला आणि जुलैमध्ये ती माझ्याकडे एडिंबराला आली. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालायचं, सपाटीवर, जमेल तेवढंच, पण एक दिवस चुकवायचा नाही. शनिवार-रविवारचं चालणं नॉर्थ बेरिकला करायचं, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. (लिहिताना त्या नावात एक डब्ल्यू असतो, बोलताना इथली माणसं तो गिळून टाकतात.) वेव्हर्ली स्टेशनातून गाडी सुटली की पस्तीसेक मिनिटांत शेवटचं स्टेशन येतं. रूळ तिथेच संपतात. पुढे उतार, आणि उताराच्या पायथ्याशी समुद्र.

आदल्या रात्री मी तिला नकाशा उघडून दाखवला. ही वाट सोपी, चार किलोमीटर, चढ जवळपास नाहीच. ही दुसरी, थोडी लांब, पण तीही सोपी. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बसायला कुठे कुठे आहे?"

मला उत्तर देता येईना. सात वर्षं मी या गावात येते आहे, वाटेवरचे दगड ओळखते, पण बाक किती आणि कुठे हे कधी पाहिलंच नव्हतं. वाटांची माहिती देणारे सगळे अंतर सांगतात, चढ सांगतात, लागणारा वेळ सांगतात. गुडघ्याला मात्र वेगळंच जाणून घ्यायचं असतं. पायऱ्या आहेत का, असल्या तर धरायला कठडा आहे का, वाळूत पाय रुततो का, स्वच्छतागृह किती लांब, आणि मधेच दम लागला तर टेकायला काय. तेव्हापासून मी 'सोपी वाट' हा शब्द जपून वापरते.

मग पहिल्या शनिवारी आम्ही बाक मोजत निघालो. स्टेशनवरून खाली किनाऱ्यावर, तिथून समुद्र डाव्या हाताला ठेवून बंदराकडे. हा पट्टा लांबीला फार नाही, भरभर चालणारा माणूस पंधरा मिनिटांत संपवेल. आम्हाला पाऊण तास लागला. बाक इतके निघाले की मोजता मोजता आमचा आकडा चुकला, आणि आकडा चुकायचं कारण म्हणजे आई प्रत्येक बाकाची पाटी वाचत होती. पाठीच्या फळीवर पितळेची छोटी पट्टी असते. कुणाचं तरी नाव, जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष, आणि खाली एक ओळ. तिला इथे बसायला फार आवडायचं. किंवा, तो इथूनच समुद्र बघायचा. एका पट्टीवर नवराबायकोची नावं होती, तिच्या नि त्याच्या मृत्यूत चौदा वर्षांचं अंतर. आईने ती वजाबाकी बोटांवर केली आणि काही बोलली नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव कोरतात, तसंच आहे हे. फक्त इथे पाय पडत नाही, पाठ टेकते."

बंदराच्या टोकाशी एका जुन्या चर्चचे अवशेष आहेत, सेंट अँड्र्यूज ओल्ड कर्क. आता उरलाय तो पांढऱ्या रंगाचा एक छोटा मंडप आणि जमिनीलगतच्या भिंतींच्या रेघा. मध्ययुगात फोर्थच्या खाडीपलीकडे फाइफमध्ये, सेंट अँड्र्यूजच्या तीर्थाला जाणारे यात्रेकरू इथे जमायचे आणि होडीने पलीकडे अर्ल्सफेरीला उतरून पुढे चालायला लागायचे. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती चटकन म्हणाली, "म्हणजे हे मुक्कामाचं गाव." तिच्या माहेरच्या नात्यात दोघीतिघी वारी करणाऱ्या, त्यामुळे मुक्कामाचं गाव म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नाही. चालणाऱ्याला पाणी देणारं, रात्रीपुरतं छप्पर देणारं, सकाळी निरोप देणारं. ओल्ड कर्कच्या त्या चार दगडांपाशी ती बराच वेळ उभी राहिली.

त्याच जागेचा दुसरा इतिहास काळा आहे. 1590 मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून राणीला घेऊन परतताना वादळात सापडला, आणि ते वादळ चेटकिणींनी उठवलं असा आळ आला. या चर्चमध्ये रात्री जमून त्यांनी कट रचला म्हणे. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. अ‍ॅग्नेस सॅम्पसन नावाची एक सुईण आणि वैदू बाई, तिला 1591 मध्ये मारलं. मला दर वेळी वाटतं, गावाने तिच्या नावाने एखादा बाक ठेवायला हवा. पितळेची पट्टी, नाव, वर्ष.

बंदराजवळ एक दगडी क्रूस मात्र आहे, कॅथरीन वॉटसन या एकोणीस वर्षांच्या ग्लासगोच्या मुलीचा. जुलै 1889 मध्ये पूर्वेच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्या मुलाला वाचवायला ती पाण्यात उतरली. मुलगा वाचला, ती गेली. लोकवर्गणीतून हा क्रूस उभा राहिला. आई त्याच्यापाशी थांबली ती मात्र शब्द वाचायला नाही, पाणी बघायला. माझी आई हर्णैची. लहानपणी तिच्यासमोर एक मुलगा बुडाला होता, ती गोष्ट ती फार कमी वेळा सांगते. त्या दिवशीही सांगितली नाही.

बंदराच्या पूर्वेला मिल्सी बे. ओहोटीला इथे लांबवर वाळू उघडी पडते, आणि किनाऱ्याला लागून भिंत घालून एक तळं केलेलं आहे, भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला तिथेच अडून राहतं. लहान मुलं त्यात निर्धास्त डुंबतात, बादल्या घेऊन खेकडे शोधतात. आईने पाण्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "आज भांग आहे." मी फोनवर भरतीचं कोष्टक पाहिलं. खरंच, अष्टमी होती, पाण्याची चढउतार सगळ्यात कमी. अमावास्या-पुनवेच्या आसपास जे उधाण येतं ते इथेही येतं, चंद्र एकच. तिला हे कोष्टक बघून कळलं नाही. ओल्या वाळूची रेघ कोरड्या शेवाळापासून किती दूर राहिलीय, एवढं तिला पुरलं. त्यानंतर आम्ही उधाणाच्या दिवशी ओहोटीची वेळ साधून यायला लागलो, कारण तेव्हा पाण्याजवळची वाळू घट्ट, सिमेंटसारखी असते आणि काठी रुतत नाही. कोरड्या वाळूत चालणं हे बरं झालेल्या गुडघ्याचंही काम नाही. समुद्रावर चालायला निघणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन, घड्याळ बघण्याआधी भरती-ओहोटी बघा.

मिल्सी बेच्या पुढे ग्लेन नावाची झाडीची घळ लागते. एक ओढा, काठाने पायवाट, आणि जुन्या पाणचक्क्यांच्या पडक्या भिंती, नेच्यांनी झाकलेल्या. खालचा थोडा भाग आम्ही केला. वर चढ आहे, तो सोडून दिला.

आता बास रॉक हा खडक. या गावात कुठूनही बघा, पूर्वेला समुद्रात तो उभा असतो. शंभर मीटरहून उंच, तीन बाजूंनी ताठ कडे. साधारण चौतीस कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी होते. त्यांच्या नळीत लाव्हा थिजला, बाहेरचं मऊ कवच झिजून गेलं, आत अडकलेला बूच तेवढा राहिला. गावाच्या पाठीशी असलेली नॉर्थ बेरिक लॉ ही टेकडी तीच गोष्ट. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो भेगांमधून वाहत येऊन थरावर थर साचलेला, म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या आहेत. इथे एकेकटा दगड सपाट शेतांतून नाहीतर पाण्यातून वर येतो.

2019 मध्ये आई पहिल्यांदा आली तेव्हा गुडघा दुखरा होता, पण स्वतःचा होता. तेव्हा किनाऱ्यावर उभं राहून तिने विचारलं होतं, "त्या खडकाला चुना का फासलाय?" तो चुना नव्हता. काही भाग विष्ठा, आणि उरलेला पांढरा रंग म्हणजे पक्षीच. गॅनेट. पंख पसरले तर सहा फुटांच्या आसपास, अंग पांढरं, पंखांची टोकं काळी, डोकं फिकट पिवळं, जणू हळदीच्या हाताने कुरवाळलंय. 2014 च्या मोजणीत बासवर 75,259 घरटी भरली होती, उत्तरी गॅनेटची जगातली सगळ्यात मोठी वसाहत. या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातच हा खडक आहे, मोरस बसानस. आईला मी हे सांगत होते, पण तिचं लक्ष खडकावर बांधलेल्या भिंतीकडे होतं. खालच्या अंगाला किल्ल्याचे अवशेष आहेत. पुढे तो तुरुंग झाला. 1691 मध्ये चार कैद्यांनी किल्लाच ताब्यात घेतला आणि त्यांच्या बाजूने तो तीन वर्षं लढत राहिला. "सुवर्णदुर्ग," आई म्हणाली. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग बघत ती मोठी झाली. तिच्या मते समुद्रात किल्ला असला की ते गाव आपलंच.

त्या वर्षी आम्ही गॅनेटचा सूर जवळून पाहिला. बंदराच्या भिंतीपासून फार लांब नाही, हवेत एक पक्षी तरंगत होता, मान खाली करून पाणी निरखत. मग तो कलंडला. पंख आधी अर्धे मिटले, मग मागे ओढले गेले, इतके की सगळा पक्षी एक बाण झाला, आणि तो बाण पाण्यात घुसला. आवाज उशिरा आला, ओल्या कपड्याचा पिळा दगडावर आपटावा तसा. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने हे पक्षी पाणी फोडतात. चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, त्या धक्का झेलतात, आणि नाकपुड्या बाहेर उघडतच नाहीत. आईने माझा दंड घट्ट धरला होता. चार-पाच सेकंदांनी तो वर आला, डोकं झटकलं, आणि काही गिळलं.

मग 2022. त्या जूनमध्ये मी एकटीच आले होते. किनाऱ्यावर लावलेल्या सूचना मी गाडीतून उतरल्यावर वाचल्या, मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका, कुत्रे बांधून ठेवा. बर्ड फ्लू. पश्चिमेच्या वाळूवर भरतीच्या रेघेवर शेवाळाबरोबर मोठे पांढरे देह पडलेले होते. एकाचा पंख वाऱ्याने उघडमिट होत होता, आणि मला दोन-तीनदा वाटलं तो जिवंत आहे. नेहमीची वाट मी त्या दिवशी अर्ध्यावर सोडली. घरी येऊन आईला फोन केला, पण हे सांगितलं नाही. पुढच्या वर्षी, 2023 मध्ये, मोजणी झाली तेव्हा बासवर 51,844 घरटी होती. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वसाहत गेली.

आणि या जुलैत आई पुन्हा त्याच जागी उभी राहिली. मी काही बोलले नव्हते. तिने हातातली काठी कठड्याला टेकवली, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "चुना उडालाय."

दुरून ते दिसत होतं. 2019 ला जिथे सलग पांढरं होतं, तिथे आता राखाडी दगड मधूनमधून उघडा. बोटीवर सहलीला आलेल्या नव्या माणसाला तो खडक अजूनही पक्ष्यांनी भरलेलाच वाटेल, हजारो पक्षी आहेतच. फरक कळायला ती जागा आधी बघितलेली हवी. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, त्या पंखासकट.

बंदरावर सीबर्ड सेंटर आहे, 2000 मध्ये सुरू झालेलं. बासवर बसवलेल्या कॅमेऱ्यांचं चित्र तिथे पडद्यावर दिसतं आणि आपण ते फिरवूही शकतो. आईला खुर्ची मिळाली आणि तिने तासभर ती सोडली नाही. एका घरट्यावर जाऊन कॅमेरा थांबला. पिल्लू पिंजलेल्या कापसासारखं, आईबापाच्या पायांशी. गॅनेट अंड्यावर पोटाने बसत नाही, पायाच्या पडद्यांनी अंडं झाकून ऊब देतो. एका जोडीचं वर्षाला एकच अंडं. पिल्लू पुढे काळपट ठिपक्यांचं होतं आणि पूर्ण पांढरं व्हायला त्याला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे गेलेली संख्या भरून येणं हे काही एका-दोन हंगामांचं काम नाही. त्या मोठ्या पक्ष्याने मान वळवली तेव्हा त्याचा डोळा दिसला. गॅनेटचा डोळा फिकट निळा असतो, काठाला गडद निळी कड. याचा काळा होता, सगळाच. जे पक्षी या आजारातून वाचले त्यातल्या अनेकांच्या डोळ्यांचा रंग असा कायमचा बदललाय, संशोधकांनी रक्त तपासून हे पाहिलं आहे. आई पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"आजारातून उठलाय आणि पोर सांभाळतोय," ती म्हणाली.

बंदरासमोरच क्रेगलीथ नावाचं बुटकं बेट आहे, पफिन या समुद्रपक्ष्यांचं. तिथे वेगळं संकट होतं. ट्री मॅलो नावाचं माणसाहून उंच वाढणारं झाड बेटभर पसरलं आणि पफिनच्या बिळांची तोंडं बुजली. गावात एका कुंपणाजवळ तेच झाड फुललेलं होतं, जांभळट गुलाबी फूल. आई म्हणाली, हे तर भेंडीच्या घरातलं, अंबाडीचं भावंड. बरोबर ओळखलं तिने, कुळ तेच आहे. 2007 पासून स्वयंसेवक पक्षी नसतानाच्या महिन्यांत होडीने बेटावर जाऊन हे झाड कापतात, दर वर्षी, कारण जमिनीत बी शिल्लक असतंच. मीही दोनदा नाव नोंदवलं आणि एकदा जाता आलं. कापलेल्या देठाचा वास हाताला दोन दिवस होता. पफिन परत येताहेत, त्याचा मला मनापासून आनंद आहे.

पश्चिमेची वाट खाजणातून नाही, गोल्फच्या मैदानाच्या कडेने जाते. मला ही वाट सगळ्यात आवडते. एका अंगाला वेस्ट लिंक्सचं कापलेलं गवत, दुसऱ्या अंगाला खडक आणि वाळू, समोर फिड्रा बेटाचा दीपस्तंभ. इथला क्लब 1832 पासूनचा. पहिल्या दिवशी आई मैदानाच्या कडेला थबकली. "आपण चालतो का इथून? कुणी ओरडणार नाही?"

कुणी ओरडत नाही. स्कॉटलंडमध्ये 2003 चा कायदा आहे, जमीन कुणाचीही असो, जबाबदारीने चालणाऱ्याला तिच्यावरून जाण्याचा हक्क आहे. घराचं अंगण आणि उभं पीक सोडून. गोल्फच्या मैदानावरूनही ओलांडून जाता येतं, खेळात अडथळा न आणता आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पाय न ठेवता. समोर कुणी फटका मारणार असेल तर थांबायचं, तो हात करतो, मग जायचं. हा हक्क मला या देशातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, आणि असं आईसमोर म्हणाले तेव्हा ती जरा गप्प झाली. तिच्या लहानपणी समुद्रावर जायची वाट शेजाऱ्यांच्या माडाच्या वाडीतून होती. कुणाचीही वाडी, कुणाचीही वाट. आता तिथे तारेचं कुंपण आणि फाटक आहे, आणि किनाऱ्यावर जायला गावाला वळसा घालावा लागतो. "कायदा नव्हता आमच्याकडे," ती म्हणाली, "पण वाट होती."

याच पश्चिमेच्या वाटेवरून जॉन म्युअर वेच्या पाट्या दिसायला लागतात. हेलन्सबरापासून डनबारपर्यंत 215 किलोमीटर, 2014 मध्ये खुली झालेली. म्युअर 1838 मध्ये डनबारला जन्मला, अकराव्या वर्षी अमेरिकेला गेला आणि तिथल्या रानांसाठी आयुष्यभर झगडला. आम्ही त्या 215 मधला दीड किलोमीटर केला, दोन बाक घेऊन.

लॉ टेकडीवर मी एकटी गेले. 187 मीटर, आईने खालून हात केला. माथ्यावर देवमाशाच्या जबड्याची कमान आहे. खरी हाडं 2005 मध्ये कुजली म्हणून उतरवली, आता आहे ती 2008 ची फायबरग्लासची. वारा एवढा होता की फार थांबले नाही.

आईच्या परतीच्या आदल्या शनिवारी हार आला. उबदार हवा थंड उत्तर समुद्रावर आली की तिचं धुकं होतं आणि ते पूर्व किनाऱ्यावर चढतं, त्याला इथे हार म्हणतात. गाडीतून उतरलो तेव्हा ऊन होतं, बंदरापर्यंत पोचेतो बास नाही, क्रेगलीथ नाही, भिंतीपलीकडचं पाणीसुद्धा जेमतेम वीस पावलांवर संपलेलं. मी म्हटलं, परत जाऊ. आई तिच्या ठरलेल्या बाकावर बसली, त्या चौदा वर्षांच्या अंतराच्या. शालीचं टोक कानांवर घेतलं.

लाटांचा आवाज होता, आणि कुठेतरी होडीच्या डोलकाठीवर दोर आपटत होता. बराच वेळ तेवढंच. मग धुक्यातून, पाण्याला चिकटून, गॅनेटची एक रांग आली. खाली, एकामागे एक, पंख जवळजवळ न हलवता. आपल्यासमोरून गेली आणि पुन्हा धुक्यात.

"अकरा," आई म्हणाली.

थोड्या वेळाने दुसरी रांग आली, आणि ती पुन्हा बोट टेकवत मोजायला लागली.